.३०८ च्या रायफलला हरणासाठी काडतूस कसं निवडायचं आणि कसं तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. .३०८ विंचेस्टरची नवी, हातानं दांडी मागेपुढे करून भरायची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल, २२ इंची नळी, नळीतल्या आट्यांचा पीळ १० इंचांत एक फेरा, वर ३ ते ९ पट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण. परवाना हातात आहे, हंगामाला दोन महिने आहेत. शिकार व्हाइटटेल या अमेरिकेतल्या हरणाची, झाडीत. बहुतेक बार १०० यार्डांच्या आत, क्वचित मोकळ्या पट्ट्यापलीकडे २०० यार्डांपर्यंत. दुकानात पंधरा-वीस तऱ्हेच्या पेट्या दिसतात. एक जाणता म्हणतो १८० ग्रेनचीच गोळी घे (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), दुसरा म्हणतो १५० च्या वर जाऊ नकोस, तिसरा सांगतो की सगळ्यात महाग असेल ती उचल म्हणजे काळजी मिटली. मग घ्यायचं काय, आणि घेतलेलं योग्य आहे हे ओळखायचं कसं?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. हरणासाठी बनवलेली, आत गेल्यावर फुलणारी, १५० किंवा १६५ ग्रेनची गोळी असलेली तीन निरनिराळी काडतुसं आणा. सुरुवातीला प्रत्येकी दोनच पेट्या, पण एकाच लॉटच्या, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेल्या. तिन्ही काडतुसं तुमच्याच रायफलमधून, तुमच्याच खांद्यावरून कागदावर मारा. थंड नळीतून निघालेला पहिला बार जे काडतूस दर वेळी एकाच जागी नेऊन ठेवतं, ते तुमचं. मग त्याच लॉटच्या आणखी पेट्या भरून ठेवा आणि बाकीच्यांचा विचार सोडा. मी पंचवीसहून अधिक हंगाम रायफल घेऊन रानात जातोय आणि दरवर्षी नव्या लोकांच्या रायफली जुळवून देतो. एकाच कंपनीच्या, एकाच नमुन्याच्या दोन रायफलींना दोन वेगळी काडतुसं आवडलेली मी कित्येकदा पाहिली आहेत. म्हणून दुसऱ्याच्या रायफलला काय मानवलं, यावरून तुमच्या रायफलचं काहीच ठरत नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हरणाची शिकार बेकायदा आहे. जिथे हंगाम ठरलेला असतो आणि परवाना मिळतो, अशा ठिकाणच्या शिकाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

दुकानात जाण्याआधी नळीवर कोरलेलं नाव नीट वाचून घ्या. काडतुसाच्या बुडावर, प्रायमरच्या, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टिकलीच्या, भोवती त्याचं नाव ठोकलेलं असतं. दोन्ही अक्षरन् अक्षर जुळायला हवीत. .३०८, .२४३ आणि ७ एमएम-०८ ही एकाच घराण्यातली काडतुसं आहेत. काडतुसाचं कवच जवळजवळ तेच, गोळी धरणाऱ्या मानेची रुंदी तेवढी वेगळी, त्यामुळे टेबलावर मिसळली तर नजर सहज फसते. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या रायफलमध्ये बसतं, आणि चाप ओढला तर रायफल हातात फुटते. म्हणून माझ्या टेबलावर एका वेळी एकाच रायफलची काडतुसं असतात. दुसरी रायफल काढायची तर पहिलीच्या पेट्या आधी गाडीत जातात.

आता गोळीबद्दल. लोक वजनावर तासन् तास बोलतात, पण हरणाच्या बाबतीत वजनापेक्षा गोळीची घडण जास्त महत्त्वाची आहे.

हरीण मरतं ते फुप्फुसं किंवा हृदय फाटून रक्तदाब कोसळल्यामुळे. गोळीचा आवाज, ज्वाला, पेटीवर छापलेले ऊर्जेचे फूट-पाउंड यांनी ते मरत नाही. साध्या सॉफ्ट पॉइंट गोळीत शिशाचा गाभा तांब्याच्या मिश्रधातूच्या पातळ कवचात बसवलेला असतो आणि टोकाला शिसं उघडं ठेवलेलं असतं. अंगात शिरताच ते टोक मागे दुमडत जातं आणि गोळी फुलते. .३०८ ची गोळी मुळात ७.८ मिलिमीटर जाडीची. चांगली फुलली तर तिचा व्यास दीडपट ते दुप्पट होतो. एवढ्या रुंदीनं दोन्ही फुप्फुसांतून जाऊन ती पलीकडे बाहेर पडावी, ही आपली अपेक्षा. बाहेर पडण्याला महत्त्व एवढ्यासाठी, की पलीकडच्या भोकातून रक्त पडतं आणि झाडीत धावलेल्या हरणाचा माग त्यावरच लागतो.

यात दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते. लहान उपद्रवी जनावरांसाठी बनवलेली नाजूक गोळी खांद्याच्या हाडावर आपटून वरच्या वरच फुटते. भयंकर दिसणारी पण उथळ जखम होते आणि हरीण तशा अवस्थेत दिवस काढतं. उलट फुल मेटल जॅकेटची, म्हणजे टोकासकट कवचानं मढवलेली, गोळी फुलतच नाही, सुईसारखी आरपार जाते. निशाणेबाजीच्या स्पर्धेसाठी बनवलेल्या मॅच गोळ्यांचाही भरवसा नाही. त्यांच्या टोकाला बारीक भोक असतं म्हणून त्या फुलणाऱ्या आहेत असा समज होतो. ते भोक गोळी बनवण्याच्या पद्धतीमुळे राहिलेलं असतं, फुलण्यासाठी ठेवलेलं नसतं.

हे मी वाचून सांगत नाही. माझ्या तिसऱ्या हंगामात मॅच काडतुसांनी माझ्या रायफलमधून अर्ध्या इंचाचे ग्रुप, म्हणजे भोकांचे झुबके, पडत होते, आणि त्या कागदांचा मला फार अभिमान होता. तीच काडतुसं घेऊन रानात गेलो. ऐंशी यार्डांवर मादी आडवी उभी होती, नेम शांत होता, बार खांद्यामागे बरोबर बसला. ती उसळली आणि झाडीत गेली. उभी होती तिथे रक्ताचा थेंब नव्हता. दुपारी चारपासून रात्री आठपर्यंत विजेरी घेऊन मी पानं उलटत फिरलो. सापडली तेव्हा ती आत शिरली त्या जागेपासून अर्धा किलोमीटर लांब होती. कातडं काढल्यावर दोन्ही बाजूंची भोकं माझ्या करंगळीच्या टोकाएवढी निघाली. नेम चुकला नव्हता, निवड चुकली होती, आणि त्याची किंमत त्या जनावरानं मोजली. तेव्हापासून कानाला खडा. पेटीवर हरणाचं चित्र असो वा नसो, ती गोळी नेमकी कशासाठी बनवली आहे हे समजल्याशिवाय मी ती रानात नेत नाही.

फुलणाऱ्या गोळ्यांचे ढोबळ चार वर्ग धरा. पहिला साध्या सॉफ्ट पॉइंटचा. रेमिंग्टनची कोअर-लोक्ट १९३९ पासून याच कामासाठी विकली जाते, आणि जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीकडे असं एक साधं, स्वस्त काडतूस असतं. .३०८ च्या वेगाला आणि तुमच्या अंतराला ही गोळी अगदी पुरेशी आहे. महाग पेटीशिवाय हरीण पडत नाही असं सांगणाऱ्याकडे दुर्लक्ष करा. दुसरा वर्ग पॉलिमरच्या टोकाच्या गोळ्यांचा. त्या हवेतून सुबक जातात आणि लवकर फुलतात. पण काही जवळच्या अंतरावर जरा जास्तच फुटतात, तेव्हा आत घट्ट गाभा असलेली निवडा. तिसऱ्यात शिसं कवचाला जोडलेल्या बाँडेड गोळ्या आणि नॉस्लर पार्टिशनसारख्या मध्ये आडभिंत असलेल्या गोळ्या येतात. जॉन नॉस्लर यांच्या गोळ्या मूस या थोरल्या हरणाच्या चिखलानं माखलेल्या खांद्यावरच फुटल्या, त्या अनुभवातून पार्टिशन घडली आणि १९४८ पासून ती विकली जाऊ लागली. पुढचा भाग फुलतो, मागचा भाग वजन धरून आत जात राहतो. .३०० विंचेस्टर मॅग्नमसारख्या वेगवान काडतुसातून तीस यार्डांवर बार करायचा असेल तर अशी गोळी हवीच. तुमच्या .३०८ ला ती चालते, पण लागतेच असं नाही.

चौथा वर्ग निखळ तांब्याच्या गोळ्यांचा. त्या तुटत नाहीत, वजन जवळजवळ सगळं राखतात आणि खोल जातात. तांबं शिशापेक्षा हलकं. घन सेंटिमीटरला शिसं ११.३ ग्रॅम भरतं, तांबं सुमारे ९. म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब असते. लांब गोळीला स्थिर राहायला जास्त पीळ लागतो, म्हणून तांबं घेताना वजनानं एक पायरी खाली उतरायचं: .३०८ मध्ये १६५ ऐवजी १५० किंवा १३०. दुसरं असं की तांबं फुलायला वेग हवा. सेकंदाला १८०० ते २००० फुटांच्या खाली बऱ्याच तांब्याच्या गोळ्या नीट उघडत नाहीत. २०० यार्डांवर तुमच्याकडे एवढा वेग शिल्लक असतो, म्हणून तुम्हाला अडचण नाही. आखूड नळी आणि लांबचं अंतर असेल त्यानं मात्र हा हिशेब आधी करावा.

तांब्याचा विचार मांसासाठीही करावा. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच सेंटिमीटर दूर पसरतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, क्ष-किरणात दिसतात. ज्या घरात लहान मुलं हे मांस खातात त्या घरासाठी मी सरळ तांबं सुचवतो. काही ठिकाणी तर पर्यायच नाही: कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून बंदुकीनं कुठलंही वन्य जनावर मारायला शिसं नसलेलीच गोळी लागते. कायदा इतर बाबतींतही ठिकाणागणिक बदलतो. इंग्लंडमध्ये १९९१ च्या कायद्याप्रमाणे बहुतेक जातींच्या हरणांसाठी रायफलचा कॅलिबर किमान .२४० इंच, नळीच्या तोंडाशी ऊर्जा किमान १७०० फूट-पाउंड आणि गोळी फुलणारीच हवी. तुमच्या परवान्यासोबतची नियमपुस्तिका पेटी विकत घेण्याआधी वाचा.

वजनाचा वाद लवकर मिटवतो. .३०८ मध्ये कारखान्याची १५० ग्रेनची, म्हणजे ९.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे २८२० फुटांनी निघते, १८० ग्रेनची सुमारे २६२० फुटांनी. हरणाच्या छातीला दोन्ही पुरून उरतात. १८० ग्रेनचा धक्का मात्र खांद्याला जास्त बसतो. नवा माणूस धक्क्याला घाबरला की चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो आणि नळी खाली दाबतो. त्या एका सवयीनं जेवढी हरणं जखमी होतात तेवढी ३० ग्रेनच्या फरकानं कधी होत नसतील. जड गोळी झाडीतल्या काटक्या कापत सरळ जाते, असंही तुम्हाला कुणीतरी सांगेल. तसं काही होत नाही. काटकीला लागलेली प्रत्येक गोळी वळते, हलकी असो वा जड. मोकळी फट मिळेपर्यंत थांबणं एवढाच त्यावर इलाज आहे. १५० आणि १६५ मध्ये मी स्वतः १६५ कडे झुकतो, कारण माझ्या रायफलला तीच मानवते. तुमचा कागद १५० म्हणाला तर १५० घ्या.

पिळाबद्दल एवढंच: १० इंचांत एक फेरा असलेली .३०८ ची नळी बाजारातल्या हरणाच्या सगळ्या वजनांना सांभाळते. कागदावर भोक गोल न पडता लांबट, किल्लीच्या भोकासारखं पडलं, तर गोळी आडवी होते आहे असं समजा. ते काडतूस त्या नळीला चालणार नाही.

आता चाचणी. बरेच लोक तीन बार काढतात, नाण्याएवढा ग्रुप दिसला की कागदाचा फोटो काढतात आणि घरी जातात. हे सुतावरून स्वर्ग गाठणं झालं. तीन बारांचा ग्रुप नशिबानंही सुंदर पडतो. हिशेबानं सांगायचं तर ज्या रायफल-काडतुसाच्या जोडीचे तीन बारांचे ग्रुप सरासरीनं १ इंच पडतात, तिचेच दहा बारांचे ग्रुप सरासरीनं सुमारे १.६ इंच पडतील. रायफल बिघडलेली नसते, आपण थोडं पाहून फार ठरवलेलं असतं. प्रत्येक काडतुसाचे किमान दहा बार एकाच नेमावर पाहिल्याखेरीज मी कुणालाही मत देत नाही. दोन पेट्या म्हणजे चाळीस बार. जुळवणी, दहा बारांचा ग्रुप आणि पुढच्या दिवसांचे थंड बार एवढ्यात बसतात.

तयारी अशी करा. नव्या नळीत कारखान्याचं तेल असतं, ते कोरड्या चिंध्यांनी पुसून काढा. दुर्बिणीच्या पट्ट्यांचे आणि बैठकीचे स्क्रू कंपनीनं दिलेल्या मापानं आवळलेत ना, पाहा. काडतूस वाईट म्हणून माझ्याकडे आणलेल्या कितीतरी रायफलींचा रोग सैल स्क्रूत निघाला आहे. कानाला आणि डोळ्याला संरक्षण, मागे मातीचा भक्कम बांध. पहिले दोन-तीन बार २५ यार्डांवर काढून कागद पकडा, मग १०० यार्डांवर जा.

बसताना वाळूची एक पिशवी रायफलच्या पुढच्या लाकडाखाली ठेवा. नळी कशालाही टेकता कामा नये. दुसरी लहान पिशवी दस्त्याच्या टोकाखाली ठेवून डाव्या मुठीत दाबत-सोडत नेम खाली-वर करा. अशा बैठकीत रायफल आपोआप नेमावर उभी राहिली पाहिजे. ताकदीनं धरून ठेवावी लागत असेल तर बैठक पुन्हा मांडा. चाप सुटल्यावरही डोळा दुर्बिणीतच ठेवा. मी शिकवताना रिकाम्या रायफलवर दहा वेळा चाप ओढायला लावतो आणि मगच पहिलं काडतूस हातात देतो.

कागदावर १ इंची ठिपके काढा, प्रत्येक काडतुसाला एक ठिपका, बाजूला नाव, वजन, लॉट आणि तारीख. मारताना एका जातीचे दहा बार सलग काढू नका. पहिल्याचे तीन, मग नळी गार होऊ द्या, दुसऱ्याचे तीन, मग तिसऱ्याचे, आणि पुन्हा पहिल्याकडे या. तुमचा थकवा, वारा, उतरता उजेड तिघांच्या वाट्याला सारखा येतो. शिकारीच्या रायफलची नळी बारीक असते, तीन-चार बारांत तापते आणि तापली की बार सरकू लागतात. बोल्ट उघडा, रायफल सावलीत उभी ठेवा, दहा मिनिटं द्या. नळीवर तळवा ठेवून पाच सेकंद आरामात धरवला तर पुढे चला. शिशाच्या गोळ्यांवरून निखळ तांब्यावर जाताना नळी साफ करा आणि ठिपक्यावर नेम धरण्याआधी दोन-तीन बार बाजूच्या कागदावर काढा. नळीला नव्या धातूचा थर बसू लागतो, तोवरचे बार खरं काही सांगत नाहीत.

एक बार बाजूला गेला की तो माझ्याच हातून गेला असं म्हणून वगळण्याचा मोह होतो. चाप सुटताच, कागद पाहण्याआधी, हा उजवीकडे गेला असं तुम्ही मोठ्यानं म्हणाला असाल तरच वगळा. कागद पाहिल्यानंतर सुचलेली सबब धरू नका.

चाप ओढला आणि नुसती टिचकी वाजली, तर नळी निशाण्याकडेच धरून तीस सेकंद थांबा. दारू उशिरा पेटू शकते. बार फुसका वाटला, आवाज आणि धक्का दोन्ही कमी, तर तिथल्या तिथे थांबा, रायफल रिकामी करा, बोल्ट काढून नळीतून आरपार पाहा. आत गोळी अडकली असेल आणि तुम्ही पुढचा बार काढलात तर नळी फाटते. कारखान्याच्या काडतुसात हे फार क्वचित घडतं, तरी पहिल्या दिवसापासून सवय अशीच लावा.

ग्रुप किती लहान हवा? व्हाइटटेलच्या हृदय-फुप्फुसाचं वर्तुळ अंदाजे ८ इंचांचं धरा. दहा बार १०० यार्डांवर २ इंचांत पडले तर २०० वर ते साधारण ४ इंचांत पडतील, म्हणजे वर्तुळाच्या निम्म्यात. एवढं पुरे. पाऊण इंचाच्या काडतुसामागे हंगामाचे दोन महिने घालवण्यापेक्षा तो वेळ आणि पैसा सरावाला द्या. दीड इंच देणारं, उत्तम फुलणारं काडतूस आणि पाऊण इंच देणारं, फुलण्याची खात्री नसलेलं काडतूस यांत मी डोळे झाकून पहिलं घेतो.

आता मी ज्याला सगळ्यात जास्त मान देतो ती चाचणी. रानात तुम्हाला एकच बार मिळतो आणि तो थंड नळीतून जातो. म्हणून निवडलेल्या काडतुसाचा एक बार, फक्त एक, पाच वेगवेगळ्या दिवशी त्याच कागदावर काढा. कागद घडी करून पेटीत ठेवा, पुढच्या वेळी तोच लावा. माझ्या कपाटाच्या दाराला आतून असा एक पिवळा पडलेला कागद लावलेला आहे. चार भोकं एका रुपयाच्या नाण्यानं जवळजवळ झाकतात, पाचवं २ इंच वर, डावीकडे. शेजारी पेन्सिलीनं लिहिलंय: तेल. आदल्या रात्री नळी साफ करून तेलाचा हात दिला होता आणि कोरडी चिंधी फिरवायची राहिली. २०० यार्डांवर ते २ इंच ४ झाले असते. त्यानंतर झिरो, म्हणजे दुर्बिणीची नेमाशी जुळवणी, पक्का झाला की हंगाम संपेपर्यंत मी नळी आतून धूत नाही. फक्त पाऊस लागला तर कोरडी करतो.

पेटीवर छापलेला वेग बहुधा २४ इंची नळीतून मोजलेला असतो. नळी एक इंच आखूड झाली की .३०८ मध्ये वेग सेकंदाला वीस-पंचवीस फुटांनी उतरतो, म्हणजे तुमच्याकडे छापील आकड्यापेक्षा चाळीस-पन्नास फूट कमी. हरणाला हा फरक जाणवायचा नाही. वेग मोजणारा क्रोनोग्राफ मिळाला तर मोजा, नाही मिळाला तर अडून बसू नका. २०० यार्डांवर खरोखर पाच बार मारून पाहणं हे कुठल्याही आकडेमोडीपेक्षा खात्रीचं. साध्या १५० ग्रेन सॉफ्ट पॉइंटला १०० यार्डांवर २ इंच वर बसवलं की २०० वर ती नेमावर येते आणि ३०० वर सुमारे ९ इंच खाली जाते. तुमचे बहुतेक बार १०० च्या आत आहेत, म्हणून मी तुमच्या जागी दीड इंच वर ठेवून २०० पर्यंत नेम मध्यावरच धरीन. त्यापुढचं हरीण जाऊ द्या.

यानंतर टेबल सोडा. ८ इंची कागदी ताटली लावा आणि बसून, गुडघ्यावर, झाडाच्या खोडाला टेकून, काठीच्या आधारानं मारा. थंडीत घालणार तो जाड कोट अंगात असू द्या, कारण त्याच्या जाडीनं दस्ता खांद्यावर वेगळा बसतो आणि डोळा दुर्बिणीपासून मागे सरतो. ज्या अंतरापर्यंत पाचपैकी पाच बार ताटलीत बसतात तेवढंच तुमचं शिकारीचं अंतर. रायफल २०० ची असेल आणि तुम्ही बसून १२० चे असाल, तर हंगामभर १२० पाळायचं. हे पाळणाऱ्या माणसाबरोबर मी आनंदानं रानात जातो.

मॅगझीन भरून, नळी बांधाकडे ठेवून, बोल्ट जोरात मागेपुढे करून सगळी काडतुसं एकदा फिरवा. एखादी गोळी अडकते का, टोक घासतं का, बघा. सॉफ्ट पॉइंटचं उघडं शिसं मॅगझीनच्या पुढच्या भिंतीवर प्रत्येक धक्क्यासरशी आपटून चपटं होतं. तुमच्या अंतरावर त्यानं फारसं बिघडत नाही, पण टोक अगदीच पिचलेलं काडतूस मी सरावाला वापरतो. रोज सकाळी तेच काडतूस नळीत चढवून संध्याकाळी काढत राहिलं तर गोळी काडतुसाच्या कवचात आत दबू शकते, मग दाब वाढतो. तीन-चार वेळा चढवलेल्या काडतुसाच्या बुडावर मार्करचा ठिपका द्या आणि ते कागदावर संपवा.

गोळी फुलते की नाही हे स्वतः पाहायचं असेल, तर पाण्यानं भरलेले प्लास्टिकचे चार-पाच कॅन एकामागे एक ओळीत लावा, मागे तोच भक्कम बांध, आणि ५० यार्डांवरून मारा. गोळी बहुधा तिसऱ्या-चौथ्या कॅनमध्ये मिळते. हातात घेतल्यावर पाकळ्या कशा वळल्या, कवच शिशापासून सुटलं का, वजन किती उरलं, सगळं कळतं. हरणाचं शरीर म्हणजे पाणी नव्हे, म्हणून यावरून खोलीचा अंदाज बांधू नका. खरा पुरावा हरीण सोलताना मिळतो. गोळीनं कुठून वाट काढली, फासळी लागली का, बाहेर पडल्याचं भोक केवढं, हे प्रत्येक वेळी वहीत लिहा. चार-पाच हंगामांनी त्या वहीतून काडतुसाबद्दल जेवढं कळतं तेवढं कुणाला विचारून कळत नाही.

लॉटचा उल्लेख वारंवार केला त्याचं कारण असं. दारू आणि गोळ्या निरनिराळ्या वेळी बनतात, कंपनी तीच असली तरी दोन लॉट हुबेहूब सारखे नसतात. लॉट नंबर पेटीवर छापलेला असतो. पसंत पडलेल्या लॉटच्या दोन-तीन हंगामांच्या पेट्या एकदम घ्या, कोरड्या आणि थंड जागी ठेवा, उन्हात तापणाऱ्या गाडीत नको. नवा लॉट आला की झिरो पुन्हा तपासा. कडाक्याच्या थंडीत दारू जरा मंद जळते, म्हणून उन्हाळ्यात बसवलेला झिरो हंगामाच्या थंडीत एकदा पाहून घ्या.

तुमच्या हातात आठ आठवडे आहेत. पहिल्या दोन आठवड्यांत दोन बैठकांत तिन्ही काडतुसांचे दहा-दहा बार. तिसऱ्यात निवड, त्याच लॉटच्या पाच-सहा पेट्या, २०० यार्डांवर खात्री. तिथून पुढे प्रत्येक बैठक थंड नळीच्या एका बारानं सुरू करायची, मग ताटली, मग घर. धक्क्याची भीती वाटू लागली तर मध्ये एक-दोन आठवडे कमी धक्क्याच्या .२२ रायफलवर सराव करा, त्यात कमीपणा काही नाही. हंगामाच्या आदल्या शनिवारी कोट घालून जा, तोच जुना कागद लावा, झाडाला टेकून एकच बार काढा. तो आधीच्या भोकांत बसला तर रायफल तशीच म्यानात घाला आणि दुर्बिणीच्या चकत्यांना पुन्हा हात लावू नका.